अॅट्रोपिन: धोत्र्याचं विष, फवारणीच्या विषावरचा उतारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कपाशीवर फवारणी करताना तुमच्या मामांना विषबाधा झाली. तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी अॅट्रोपिनच्या अँप्युलमागून अँप्युल (औषधाच्या छोट्या काचेच्या कुप्या) फोडून शिरेतून दिल्या. घरघर थांबली, पण दुसऱ्या रात्री मामा असंबद्ध बडबडायला लागले आणि त्यांचे हात पलंगाला बांधावे लागले. वॉर्डात कुणीतरी सांगितलं, "हे इंजेक्शन म्हणजे धोत्र्याचंच विष." तेव्हा हे खरं आहे का, विषावर एवढं विष कशासाठी, आणि धोत्रा जर उतारा असेल तर दवाखाना लांब असलेल्या वाडी-तांड्यावर तो घरीच का देऊ नये, असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं वाचलं गेलं पाहिजे. धोत्र्याचं पान, बी, रस, काढा, यातलं काहीही देऊ नका. का, ते पुढे येईलच.

आता पहिला प्रश्न. सांगणारा माणूस बराचसा बरोबर होता. धोत्रा, युरोपातली बेलाडोना आणि आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा खुरासनी ओवा ही सगळी वांगं, मिरची, टोमॅटो यांच्याच कुळातली झाडं. त्यांच्या पानाबियांत हायोसायमीन आणि हायोसीन ही दोन अल्कलॉइडं, म्हणजे शरीरावर जोरदार परिणाम करणारी वनस्पतींतली रसायनं, असतात. हायोसायमीन झाडातून काढून शुद्ध करताना त्याचे निम्मे रेणू उलट्या बाजूचे होतात, आणि त्या मिश्रणाला अॅट्रोपिन म्हणतात. हाइनरिश माइन या जर्मन औषधनिर्मात्याने १८३१ मध्ये बेलाडोनाच्या मुळांतून ते वेगळं केलं. १९०१ मध्ये रिखार्ड विलश्टेटर यांनी ते प्रयोगशाळेत तयार करूनही दाखवलं. तरीसुद्धा आजही हे औषध बहुतेक वेळा वनस्पतींतूनच काढतात, कारण ते स्वस्त पडतं. मामांना दिलेली अँप्युल धोत्र्यापासून बनलेली असेलच असं नाही, पण घराणं तेच.

मात्र "विष दिलं" या म्हणण्यात एक गोष्ट सुटते. निरोगी माणसाला ज्या मात्रेने वेड लागेल, ती मात्रा फवारणीच्या विषाने बुडत असलेल्या माणसाला पुरतसुद्धा नाही. हे समजून घ्यायला शरीरात काय घडतं ते बघावं लागेल.

आपल्या शरीरात अॅसिटिलकोलिन नावाचं एक रसायन आहे. मज्जातंतूच्या टोकातून ते सुटतं आणि समोरच्या पेशीवरच्या ठरलेल्या जागी जाऊन बसतं. ते बसलं की हृदय मंदावतं, लाळ सुटते, घाम येतो, आतडी हलतात, श्वासनलिका आवळते, डोळ्याची बाहुली बारीक होते. १९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवलं की मज्जातंतू हृदयाला आपला निरोप रसायनातून पोचवतो. त्या रसायनाची ओळख पुढे पटली आणि १९३६ मध्ये लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल मिळालं. अॅट्रोपिन हे रसायन सुटणं थांबवत नाही. ते फक्त जागा अडवतं. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा, तसं. रुमाल स्वतः काही करत नाही, पण दुसऱ्याला बसू देत नाही. आणि एसटीतल्यासारखंच, गर्दी फार झाली की रुमाल बाजूला सारून लोक बसतात. मग जागा राखायच्या तर आणखी रुमाल टाकावे लागतात.

ही गर्दी कशी होते? अॅसिटिलकोलिनचं काम झालं की कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम त्याला क्षणार्धात तोडतं. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं या एन्झाइमलाच निकामी करतात. मग अॅसिटिलकोलिन साचत जातं. माणसाच्या तोंडातून फेस येतो, अंग घामाने निथळतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, उलट्या-जुलाब होतात, नाडी मंदावते. पण जीव घेतं ते फुप्फुसातलं पाणी. छातीत इतका स्राव साठतो की माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. लांबून ऐकू येणारी ती घरघर एकदा ऐकली की विसरत नाही.

अशा विषावर अॅट्रोपिन चालेल, हे कीटकनाशकं जन्मायच्या कितीतरी आधी लक्षात आलं होतं. पश्चिम आफ्रिकेत कॅलाबार भागात आरोपीला एक विषारी बी खाऊ घालून त्याचा न्यायनिवाडा करत. त्या बीमधलं फायसोस्टिग्मीन कोलिनेस्टरेजला तात्पुरतं अडवतं. एडिंबरोच्या थॉमस फ्रेझर यांनी १८७०च्या सुमारास जनावरांवर प्रयोग करून ही दोन विषं एकमेकांना कशी मारतात ते पद्धतशीर मोजलं. त्यांचं निरीक्षण आजही वॉर्डात जसंच्या तसं लागू पडतं: उतारा चालतो, पण किती दिला आणि किती उशिरा दिला याला मर्यादा आहेत.

आता अँप्युलचा हिशेब. आपल्याकडची नेहमीची अँप्युल ०.६ मिलिग्रॅमची असते. निरोगी माणसाला एवढ्याने तोंड कोरडं पडतं. ५ मिलिग्रॅमला बोलणं-गिळणं जड जातं, अस्वस्थता येते. १० मिलिग्रॅमच्या पुढे भास, बडबड, तोल जाणं, बेशुद्धी. विषबाधेच्या रुग्णाला आम्ही पहिली मात्रा साधारण १.८ ते ३ मिलिग्रॅमची देतो, म्हणजे निदान ३ अँप्युल. ५ मिनिटं थांबून बघतो. छाती भरलेलीच असेल तर दुप्पट, ६ अँप्युल. पुन्हा ५ मिनिटं. मग १२, मग २४. पंधरा मिनिटांत ४५ अँप्युल, म्हणजे २७ मिलिग्रॅम रुग्णाच्या अंगात गेलेलं असतं, आणि गंभीर रुग्णाला तेवढंही पुरत नाही. एक सिस्टर अँप्युल फोडतेय, दुसरी सिरिंजमध्ये ओढतेय, ट्रेमध्ये काचांचा खच पडलाय, हे दृश्य नातेवाइकांना भयंकर वाटतं, आणि ते साहजिक आहे. पण आमच्या मते भीती वाटायला हवी ती उलट दृश्याची: डॉक्टर दर पंधरा मिनिटांनी दोन-दोन अँप्युल देत बसलाय आणि छाती भरत चाललीय.

हे नुसतं मत नाही. बांगलादेशातल्या चितगावच्या रुग्णालयात १५६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला जुन्या पद्धतीने ठरावीक मात्रा ठरावीक वेळाने दिली, दुसऱ्या गटाला अशी दुप्पट-दुप्पट वाढवत नेऊन नंतर सलाईनमधून संथ चालू ठेवली. जुन्या पद्धतीच्या गटात २२.५ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात ८ टक्के. आणि गंमत म्हणजे अॅट्रोपिन जास्त झाल्याची लक्षणंही दुसऱ्या गटात कमीच दिसली. सुरुवातीला भराभर चढवणारा डॉक्टर कुठे थांबायचं हेही बघत असतो. घड्याळ लावून तीच मात्रा देत राहणारा बघत नसतो.

बघायचं काय, तर सगळ्यात आधी छाती. स्टेथोस्कोप लावल्यावर दोन्ही बाजूंना हवा स्वच्छ जाताना ऐकू आली पाहिजे. नाडी मिनिटाला ८०च्या वर, वरचा रक्तदाब ८०च्या वर. आणि काख. मी नव्या डॉक्टरांना सांगतो, मॉनिटर नंतर बघा, आधी रुग्णाच्या काखेत हात घाला. काख कोरडी झाली की औषध पोचलं. बाहुल्यांवर फार भिस्त ठेवू नये, त्या कधीकधी उशिरा मोठ्या होतात, आणि डोळ्यातच फवारा उडाला असेल तर बारीकच राहतात. नाडी १२०-१३० आहे म्हणून अॅट्रोपिन रोखून धरणारेही भेटतात. छाती भरलेली असताना ती नाडी घाबरलेल्या, ऑक्सिजन न मिळणाऱ्या हृदयाची असू शकते, औषधाची नव्हे. तसंच, ऑक्सिजनचा सिलिंडर येईपर्यंत अॅट्रोपिन थांबवायचं नाही. छोट्या दवाखान्यात सिलिंडरची वाट पाहण्यात हातातली वेळ निघून जाते. रक्तातल्या कोलिनेस्टरेजच्या रिपोर्टचीही वाट बघायची नाही. लक्षणं समोर दिसत असताना कागद कशाला?

एकदा काख कोरडी, छाती मोकळी झाली की आतापर्यंत दिलेल्या एकूण मात्रेच्या १० ते २० टक्के दर तासाला, अशा हिशेबाने सलाईनमधून औषध चालू ठेवतात. तुमच्या मामांची गडबड बहुधा याच टप्प्यावर झाली. शरीर विष निपटत जातं, गर्दी ओसरते, पण औषधाचा वेग तोच राहतो. मग अॅट्रोपिन मेंदूवर चढतं. रुग्ण हवेतले धागे ओढतो, नसलेल्या माणसाशी बोलतो, उठून घरी निघतो. आमच्या वॉर्डात एक बाई रात्रभर पांघरुणावरून कापूस वेचत होती. एका हाताने वेचायचा, दुसऱ्या हाताने ओटीत टाकायचा, अगदी लयीत. तिची काख कोरडी ठणठणीत, पोटाला स्टेथोस्कोप लावला तर आतड्याचा आवाज नाही, अंग तापलेलं, लघवी तुंबलेली. ही चार लक्षणं एकत्र दिसली की सलाईन तासभर बंद करायची, आणि सगळं खाली आलं की कमी वेगाने पुन्हा सुरू करायची. पूर्ण बंद करून विसरायचं नाही, कारण चरबीत साठणारी काही कीटकनाशकं दोन-तीन दिवसांनी पुन्हा डोकं वर काढतात.

यातल्या तापाकडे विशेष लक्ष हवं. अॅट्रोपिनने घाम बंद होतो. आपल्या फवारणीचा हंगाम पावसाळ्यात सुरू होऊन ऑक्टोबरच्या उकाड्यात संपतो. पत्र्याखालचा वॉर्ड, पंखा धड नाही, हातपाय बांधलेला रुग्ण जोर लावून झगडतोय आणि अंगाला घाम सुटत नाही. अशात ताप १०५-१०६पर्यंत जाऊन हृदय बंद पडू शकतं. म्हणून नुसतं बांधून ठेवणं मला पटत नाही. डायझेपामसारखं औषध देऊन शांत करावं, ओल्या फडक्याने अंग पुसावं, लघवीची नळी टाकावी. बऱ्याच वेळा तो आरडाओरडा तुंबलेल्या लघवीचाच असतो. नळी टाकली की माणूस झोपतो. मामांची बडबड ही औषध जास्त झाल्याची खूण होती, पण त्यामुळे मेंदूला कायमची इजा झाली असं नाही. औषध उतरलं की ती उतरते. त्या रात्रीचं त्यांना बहुधा काही आठवणारही नाही.

अॅट्रोपिनला जिथे हात लावता येत नाही तो भाग नातेवाइकांना सहसा कुणी सांगत नाही. ते ग्रंथी, हृदय, श्वासनलिका, आतडी यांच्यावरच्या जागा अडवतं. हातापायाच्या, मानेच्या, श्वासाच्या स्नायूंवरच्या जागा वेगळ्या जातीच्या, तिथे त्याचं काही चालत नाही. म्हणून छाती स्वच्छ झालेल्या, गप्पा मारणाऱ्या रुग्णाचाही श्वास दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हळूहळू कमी पडायला लागू शकतो. १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी याचं नीट वर्णन केलं. पहिली खूण मानेत दिसते. रोज सकाळी रुग्णाला सांगायचं, उशीवरून डोकं उचला आणि धरून ठेवा. जमलं नाही तर व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी हलवायची तयारी त्याच क्षणी करायची. "काल तर बरा होता" हे वाक्य या आजारात फार ऐकू येतं.

स्नायूंसाठी प्रॅलिडॉक्सिम, म्हणजे वॉर्डाच्या भाषेत पॅम, देतात. निकामी झालेल्या एन्झाइमला ते मोकळं करतं, निदान तसा सिद्धांत आहे. याच्या एका गाजलेल्या अभ्यासाचं गाव आपलं बारामती आहे. तिथल्या डॉक्टरांनी २०० रुग्णांची तुलना केली: निम्म्यांना दर चार तासांनी १ ग्रॅम, निम्म्यांना ४८ तास सलग, दर तासाला १ ग्रॅम. २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. सलग दिलेल्या गटात मृत्यू १ टक्का, दुसऱ्यात ८ टक्के. पुढे २००९ मध्ये श्रीलंकेतल्या अभ्यासात मात्र पॅमचा फायदा दिसला नाही. बारामतीचे रुग्ण लवकर पोचलेले आणि मध्यम गंभीर होते, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. मी पॅम देतो, पण त्याच्या भरवशावर राहत नाही. अॅट्रोपिनबद्दल मात्र अशी दुमत असलेली मंडळी मला भेटलेली नाहीत.

फवारणीचं प्रत्येक औषध या गटातलं नसतं, हेही ध्यानात ठेवा. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी-शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले, वीसहून अधिक दगावले. तेव्हा शेतात वेगवेगळ्या गटांची कीटकनाशकं एकत्र करून मारली जात होती. पायरेथ्रॉइड, फिप्रोनिल, डायफेन्थ्युरॉन यांवर अॅट्रोपिन हा उतारा नव्हे. अशा रुग्णाला डोळे मिटून अॅट्रोपिन देत गेलं तर मूळ विष राहतं बाजूला आणि वर धोत्र्याची बाधा होते. म्हणून रुग्णाबरोबर डबा किंवा बाटली आणा, निदान लेबलचा फोटो. "औषध घेतलं" किंवा "औषध लागलं" एवढ्यावर आम्हाला अंदाज बांधत बसावं लागतं.

अशीच एक अस्थानी जागा म्हणजे विंचू. कोकणातला लाल विंचू चावला की रुग्णाला दरदरून घाम फुटतो, लाळ येते, म्हणून पूर्वी बरेच डॉक्टर अॅट्रोपिन देत. पण त्या घामापाठोपाठ येतं ते वाढलेलं रक्तदाबाचं आणि हृदयावरच्या ताणाचं वादळ, आणि अॅट्रोपिनने त्यात भरच पडते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये प्राझोसिन या रक्तदाब उतरवणाऱ्या औषधाचा वापर मांडला आणि विंचूदंशाची दिशाच बदलली. हृदय फारच मंद झालं असेल तो अपवाद सोडला, तर विंचवाला अॅट्रोपिन नको. उलट नागाच्या विषाने पापण्या मिटायला लागल्या तर ते उपयोगी पडतं, पण दुय्यम भूमिकेत. तिथे नीओस्टिग्मीन द्यायचं असतं, जे अॅसिटिलकोलिन वाढवतं. त्याने हृदय मंदावू नये म्हणून आधी एक अँप्युल अॅट्रोपिन. भूल उतरवतानाही भूलतज्ज्ञ हीच जोडी वापरतात, फक्त आता अॅट्रोपिनऐवजी मेंदूत न शिरणारं ग्लायकोपायरोलेट जास्त चालतं.

हृदयाची गती अचानक पडली तर १ मिलिग्रॅम, गरज लागली तर ३ ते ५ मिनिटांनी पुन्हा, एकूण ३ मिलिग्रॅमपर्यंत. हृदयरोग विभागातली ही कमाल मात्रा फवारणीच्या रुग्णाची सुरुवात असते. वॉर्ड बदलून आलेल्या ज्युनिअर डॉक्टरचा हात इथेच आखडतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडचं अॅट्रोपिन अनेक आईबापांनी पाहिलेलं असतं. लहान मूल चष्म्याच्या तपासणीत भिंग बदललं की डोळ्याचा जोर लावून फसवतं, म्हणून तीन दिवस १ टक्क्याचं मलम घालायला देतात. मग आठ-पंधरा दिवस बाहुल्या मोठ्या, उजेड सहन होत नाही, जवळचं अक्षर दिसत नाही. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मलम भसाभस भरलं आणि मूल लालबुंद होऊन तापलं, बडबडायला लागलं, तर मलम थांबवून लगेच डॉक्टर गाठा. ते नाकावाटे अंगात शोषलं गेलेलं असतं. थेंब असतील तर घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा. आळशी डोळ्यावर, म्हणजे मेंदू एका डोळ्याची नजर नीट वापरत नाही त्या दोषावर, तर याचा उपयोग ऐकायला उफराटा आहे: थेंब चांगल्या डोळ्यात घालायचे, तो धूसर झाला की मेंदू मुकाट्याने आळशी डोळा वापरतो. २००२मधल्या एका अमेरिकन अभ्यासात मध्यम प्रमाणातल्या दोषात हे थेंब डोळ्यावर पट्टी बांधण्याइतकेच कामाला आले. मुलांचा चष्म्याचा नंबर भराभर वाढू नये म्हणून ०.०१ टक्क्यासारखे अगदी सौम्य थेंब रोज रात्री घालण्याची पद्धत सिंगापूरच्या अभ्यासातून पुढे आली. नंतर हाँगकाँगमध्ये ०.०५ टक्क्याचे थेंब जास्त परिणामकारक दिसले. कुठले वापरायचे हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठरवावं, तो माझा प्रांत नाही.

पोटात मुरडा आला की घेतो ती हायोसीन ब्युटिलब्रोमाइडची गोळी आणि दम्याच्या पंपातलं इप्राट्रोपियम ही याच घराण्यातली सुधारित मंडळी. दम्याचं नातं जुनं आहे. धोत्र्याची धुरी घेण्याचा आपल्याकडचा उपाय १८०२च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनला गेला आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ तिकडे धोत्र्याच्या सिगारेटी दम्यावर ओढल्या जात होत्या.

तर मग घरचा धोत्रा का नको? आयुर्वेदात धोत्रा उपविषांत मोडतो. त्याचं शोधन, म्हणजे विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया, सांगितलंय, कनकासवासारखी त्यापासूनची औषधं आहेत, आणि ते जाणकाराच्या हातचं काम आहे. बांधावरचं झाड उपटून वाटलेला रस ही वेगळीच वस्तू. त्यात अल्कलॉइड किती, हे जात, झाडाचं वय, हंगाम आणि पान की बी यावर बदलतं. आधी सांगितलेलं हायोसीन मेंदूत जास्त शिरतं, म्हणजे छाती कोरडी व्हायच्या आधी शुद्ध हरपेल. आम्ही ज्या औषधाची मात्रा दर पाच मिनिटांनी छाती ऐकून ठरवतो, ते पोटातून अंदाजाने कसं देणार? उलट्या करणाऱ्या, अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतलं की ते फुप्फुसात जातं. मीठपाणी, दूध, तूप पाजून उलटी करवण्यातही हाच धोका आहे. उंदरांवर धोत्र्याचा अर्क वापरून असे प्रयोग झालेत, आणि अर्क घेतलेले प्राणी जास्त जगलेही. पण तो अर्क मोजून, विषाच्या आधी टोचलेला होता. तांड्यावर तुम्ही विषाच्या नंतर पोचता.

त्याऐवजी हे करा. सगळे कपडे काढा, अगदी करगोट्यापर्यंत. साबण-पाण्याने अंग, केस, नखं धुवा. धुणाऱ्याने हातात प्लॅस्टिकची पिशवी घालावी. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवा, तोंडातला फेस पुसत राहा, १०८ला फोन करा, आणि गाडीची वाट बघण्यात वेळ जाणार असेल तर मिळेल त्या वाहनाने सगळ्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. मोठं शहर गाठायच्या नादात जवळचं केंद्र ओलांडून जाऊ नका. काही रुपयांची ही अँप्युल तिथे असते. पहिले डोस तिथे चढले तर पुढच्या प्रवासात माणूस टिकतो.

धोत्रा थेट खाल्ल्याचे रुग्णही येतात, विशेषतः श्रावणात आणि महाशिवरात्रीच्या आसपास, जेव्हा महादेवाला वाहायला आणलेली फळं पोरांच्या हाती लागतात. पूर्वी प्रवाशांना खाण्यातून धोत्र्याचं बी देऊन लुटत, म्हणून न्यायवैद्यकाच्या परीक्षेत मिरचीचं बी आणि धोत्र्याचं बी ओळखायचा प्रश्न अजून येतो: मिरचीचं पिवळट, गुळगुळीत, कड पातळ, धोत्र्याचं काळपट तपकिरी, खड्डे-खड्डे असलेलं, कड जाड. खाल्लेल्या मुलाची कातडी लाल आणि कोरडी, बाहुल्या मोठ्या, तोंडाला कोरड, आणि बडबड. मामांची ती रात्र आठवा, चित्र तेच. आणखी एक: धोत्रा उपटून त्याच हाताने डोळा चोळला तर एकाच डोळ्याची बाहुली मोठी होते. अशा शेतकऱ्याला मेंदूत रक्तस्राव समजून सीटी स्कॅनला धाडल्याचं मी पाहिलंय. शेतात काय उपटत होता एवढं विचारलं असतं तर त्याचे पैसे वाचले असते.

मामा घरी आले की चार-आठ दिवस जवळचं धूसर दिसेल, तोंड कोरडं राहील, थकवा जास्त दिवस राहील. रक्तातलं एन्झाइम भरून यायला कित्येक आठवडे लागतात. लाल पेशींमधलं तर दिवसाला साधारण १ टक्का या चालीने वाढतं. तोवर त्यांना फवारणीला तर नाहीच, पण फवारलेल्या शेतात निंदणीलाही पाठवू नका. आधीच रिकाम्या झालेल्या साठ्यावर थोडंसं विषही भारी पडतं. हातापायाला मुंग्या, चालताना पाऊल लुळं पडणं, असं दोन-तीन आठवड्यांनी जाणवलं तर ते अॅट्रोपिनमुळे नाही, काही कीटकनाशकांनी मज्जातंतूंवर केलेला तो उशिराचा परिणाम असतो, दाखवायला न्या. डिस्चार्ज कार्डावर कीटकनाशकाचं नाव लिहिलंय का ते बघा. नसेल तर डब्यावरून लिहून घ्या, आणि फेरतपासणीला जाताना कार्ड बरोबर ठेवा.